ऊन चढलं की पाणी चढतं : नाशिकहून गोमुखच्या वाटेची आखणी

पूर कसा येतो हे नाशिककराला शिकवावं लागत नाही. त्र्यंबकच्या डोंगरात दोन-तीन दिवस कोसळलं की गंगापूर धरणाचा विसर्ग वाढतो, होळकर पुलाखालचं पाणी तांबूस होतं आणि गोदाकाठी जो तो एकच विचारतो, दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत लागलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? आपल्या डोक्यात पुराचं घड्याळ पावसावर चालतं. सह्याद्रीत ते बरोबरही ठरतं. आभाळ भरून आलं तर ओढा ओलांडायचा नाही, उघडीप असेल तर बिनधास्त जायचं.

हिमनदीतून निघालेल्या नदीच्या काठाने चालायचं तर हे घड्याळ बाजूला ठेवावं लागतं. भागीरथी लख्ख उन्हाच्या दिवशी फुगते, तेही पावसाचा थेंब न पडता. ढगाळ, गारठ्याच्या दिवशी उतरते. निरभ्र आभाळ पाहून निवांत निघालेला सह्याद्रीतला पट्टीचा भटका नेमका इथे चुकतो. म्हणून गंगोत्री ते गोमुख या वाटेची आखणी करताना कोणता महिना, सकाळी किती वाजता निघायचं, मुक्काम कुठे, कोणता नाला किती वाजेच्या आत मागे टाकायचा, हे सगळं आम्ही नदीच्या घड्याळावरून ठरवतो. गाडीची तिकिटं त्यानंतर.

हे घड्याळ चालतं कसं ते आधी पाहू. गोमुख म्हणजे सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचं तोंड, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटरवर. सकाळी ऊन बर्फावर पडलं की वरचा थर वितळू लागतो. ते पाणी लगेच नदीत येत नाही. बर्फातल्या भेगांतून, विवरांतून, तळाच्या बोगद्यांतून वाट काढत ते तोंडाशी पोचतं आणि त्यात काही तास जातात. त्यामुळे ऊन दुपारी बाराला कडक असलं तरी भोजबाशापाशी, म्हणजे गोमुखच्या अलीकडच्या मुक्कामापाशी, नदी सर्वांत भरलेली दिसते ती संध्याकाळकडे. तिथून गंगोत्री १४ किलोमीटर खाली. पाण्याचा वेग सेकंदाला दोन-अडीच मीटर धरला तर तोच चढ गंगोत्रीच्या घाटावर दीड-दोन तासांनी जाणवतो. सर्वांत कमी पाणी पहाटेपासून सकाळी आठपर्यंत.

हा झाला मोठ्या नदीचा हिशोब. गोमुखची वाट भागीरथीच्या उजव्या तीरानेच जाते, त्यामुळे मुख्य नदी ओलांडावी लागत नाही. ओलांडायचे असतात ते बाजूच्या डोंगरावरून उतरणारे नाले, आणि त्यांचं घड्याळ पुढे असतं. त्यांच्या डोक्यावरच्या हिमनद्या लहान, उतार तीव्र, त्यामुळे पाणी लवकर खाली येतं. अकरापर्यंत घोट्याएवढा असलेला नाला दोन-तीन वाजता मांडीला लागू शकतो. सकाळी सहज ओलांडला म्हणून परतीतही ओलांडू असं गृहीत धरणं, ही या वाटेवरची सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

म्हणून पहिलं काम नकाशाचं. उपग्रहाचं चित्र आणि समोच्च रेषांचा नकाशा शेजारी ठेवायचा आणि वाट कापणारा प्रत्येक नाला पेन्सिलीने मोजायचा. नाल्याच्या उगमाकडे पाहून तीन गोष्टी लिहायच्या : वर कायमचा बर्फ आहे का, असला तर अंदाजे किती पसरलेला, आणि तिथपासून वाटेपर्यंतचं अंतर किती. वर बर्फ नसलेला नाला आपल्या ओळखीचा, पावसावर चालणारा. बर्फ असलेला नाला उन्हावर चालणारा. त्याच्यापुढे वेळ लिहायची, ‘११ च्या आत’, ‘१० च्या आत’. हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायचा, सॅकच्या तळाशी नाही. नकाशा मोबाईलवर आधीच उतरवून घ्यायचा, कारण गंगोत्रीच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नाही.

महिना ठरवणं आता सोपं जातं. मे-जूनमध्ये यात्रेची गर्दी, नाल्यांवर हिवाळ्यातल्या बर्फाचे पूल, आणि ते पूल आतून पोकळ होत चाललेले. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि पाऊस दोघांचं पाणी एकत्र येतं, शिवाय उत्तरकाशीच्या वरचा रस्ता दरडींनी केव्हाही बंद. जुलै २०२४ मध्ये याच वाटेवरच्या चीडबाशाजवळच्या नाल्यावरचा लाकडी पूल वाहून गेला आणि वर गेलेली माणसं पलीकडे अडकली, ती याच दिवसांत. आमची पसंती २० सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. पाऊस माघारी फिरलेला असतो, ऊन कलतं असल्याने वितळण कमी, सकाळ-संध्याकाळच्या पाण्यातला फरकही कमी. त्याची किंमत थंडीत मोजावी लागते. ऑक्टोबरात भोजबाशाला रात्री पारा शून्याच्या खाली जातो. नाशिकच्या नोकरदारांना नवरात्र-दसऱ्याच्या आसपासच्या सुट्ट्या जोडून घेता येतात. दिवाळीवर मात्र ढकलू नये. गंगोत्रीच्या मंदिराचे दरवाजे अन्नकूटाच्या दिवशी, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, बंद होतात आणि त्यासोबत गावातली दुकानं, खानावळी, मुक्कामाच्या जागाही भराभर आवरतात.

परवानगीचं काम लवकर हातात घ्यावं. ही वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते आणि दिवसाला १५० जणांनाच आत सोडतात. परवाना वनखात्याकडून मिळतो. ओळखपत्राच्या प्रती, फोटो आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला प्रत्येकाचा वेगळा हवा. गंगोत्रीपर्यंत जाण्यासाठी चारधाम यात्रेची नोंदणी वेगळी करावी लागते, ती विसरून माणसं रस्त्यातल्या तपासणीत थांबतात. गोमुखच्याही वरच्या तपोवनापर्यंत जायचं असेल तर त्याची परवानगी आणि वाटाड्या यांची सोय निराळी. गंगोत्रीपासून दोन किलोमीटरवर कनखूची चौकी आहे. तिथे परवाना पाहतात, सोबतच्या प्लॅस्टिकची नोंद करतात. वेष्टणं घरीच काढून खाऊ कापडी पिशव्यांत भरला की हे काम पाच मिनिटांत उरकतं.

प्रवासाबद्दल थोडक्यात. नाशिकरोडहून मंगला किंवा पंजाब मेलने दिल्ली, तिथून रेल्वे किंवा बसने हरिद्वार, मग रस्त्याने उत्तरकाशी. आरक्षण ६० दिवस आधी सुटतं, त्या दिवशी सकाळीच करावं. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात जायचं असेल तर नाशिकरोडच्या गर्दीचा विचार करून तारखा निवडाव्यात. हरिद्वार ते उत्तरकाशी हा पूर्ण दिवसाचा प्रवास. उत्तरकाशी ते गंगोत्री सुमारे १०० किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर चार-पाच तास. ‘असेल तर’ हे शब्द वेळापत्रकात लिहूनच ठेवावेत. आम्ही जाता-येता मिळून दोन दिवस राखीव धरतो आणि परतीचं तिकीट त्या हिशोबाने काढतो. राखीव दिवस नसलेला माणूस दरड साफ होण्याची वाट पाहत बसतो, आणि मग तो वेळ भरून काढायला गंगोत्रीतला विश्रांतीचा दिवस गाळतो. तिथून उंचीचा त्रास सुरू होतो.

उंचीबद्दल सह्याद्रीतल्या माणसाला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७. गंगोत्रीत गाडीतून उतरतो तीच जागा ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या जवळजवळ दुप्पट. भोजबासा ३,८०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० ते ६५ टक्के. शंभर वेळा कळसूबाई चढली तरी या विरळ हवेची सवय होत नाही. सवय होते ती फक्त त्या उंचीवर झोपून. सह्याद्रीतला सराव पायांसाठी आणि गुडघ्यांसाठी, आणि तो तीन महिने तरी हवा.

तो आम्ही असा करतो. आठवड्यातून तीन दिवस पाच-सहा किलोमीटर झपाझप चालणं आणि जिने. रविवारी अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी, पाठीवर आधी पाच किलो, मग दर पंधरवड्याला थोडं वाढवत दहा किलो. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात, गुडघे कुरकुरले तर वर ओतून देऊन हलकं उतरता येतं. शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवसांची चाल, शनिवारी साल्हेर आणि रविवारी मुल्हेर. पहिल्या दिवशी सगळेच चालतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पाय उचलतात का ते पाहायचं. बूट नवे असतील तर याच काळात मळवून घ्यायचे. आणि एखादी चाल पहाटे चारला उठून, पाचला निघून करायची. गोमुखच्या वाटेवर लवकर निघणं हा सगळ्या सुरक्षिततेचा पाया आहे, आणि ती सवय नाशिकमध्ये नसेल तर शून्याखालच्या थंडीत अंथरुणातून बाहेर येऊन ती अचानक लागणार नाही.

वर चढण्याचा नियम असा की ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. गंगोत्री ते भोजबासा ही उडी ७०० मीटरची आहे. नियम मोडतोच, म्हणून त्याची भरपाई आधी करायची. एक रात्र उत्तरकाशीला, सुमारे १,१५० मीटरवर. एक हर्सिलला, २,६०० च्या आसपास. मग गंगोत्रीत दोन रात्री, मधल्या दिवशी कनखूच्या चौकीपर्यंत चढून परत. त्या दिवशी झोपून राहू नये, दमूही नये. भोजबाशाला दोन रात्री, मधल्या दिवशी गोमुख. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ऍसिटाझोलामाइडची गोळी, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, ही सर्वसाधारण मात्रा. पण ती आपल्या डॉक्टरांना विचारून. सल्फा औषधांची ऍलर्जी असणाऱ्यांनी हे सांगायला चुकू नये. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, इतकं असेल तर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला बोट लावून दहा पावलं टाकता येत नसतील, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असो की दिवस, सोबत घेऊन खाली उतरवायचं. सकाळपर्यंत वाट पाहण्याने माणसं गेली आहेत.

आता प्रत्यक्ष चाल. गंगोत्रीहून सकाळी सहाच्या आत पाय उचलायचे. चौकी किती वाजता उघडते हे आदल्या दिवशी तिथे चढून जातो तेव्हाच विचारून घ्यायचं. या उंचीवर सामानासह तासाला दोन किलोमीटर हा प्रामाणिक वेग. नाशिकच्या वेगाने हिशोब मांडला की पुढचं सगळं कोसळतं. नऊ किलोमीटरवर चीडबासा, ३,६०० मीटर. चीडबाशापर्यंत देवदार-चिडाची सावली अधूनमधून मिळते, नंतर झाडं संपतात. चीडबासा आणि भोजबासा यांच्यामध्ये गिला पहाड नावाचा पट्टा आहे. घसाऱ्याचा उभा उतार, त्यातून कोरलेली अरुंद वाट आणि वरून येणारे दगड. आपल्याकडच्या घसाऱ्यात धोका पाय सरकण्याचा, इथे डोक्यावरचा. रात्री माती-दगड गोठून एकमेकांना धरून असतात. ऊन लागलं की पकड सुटते, आणि दुपारी दरीतून वारा सुटला की दगड निघतात. वर चरणारे भरल, म्हणजे हिमालयातल्या रानमेंढ्या, त्यासुद्धा दगड सोडतात. त्यामुळे हा पट्टा दुपारी बाराच्या आत पार झालाच पाहिजे. इथे बसायचं नाही, फोटोला थांबायचं नाही. एकेकाने, दहा-पंधरा पावलांचं अंतर ठेवून, कान वर लावून चालायचं. हेल्मेट असेल तर आता घालायचं.

चौदा किलोमीटरवर भोजबासा. सरकारी गढवाल मंडल विकास निगमचं विश्रामगृह आणि आश्रम, एवढीच मुक्कामाची सोय, त्यामुळे जागेची खात्री करूनच वर यायचं. दुपारी दीड-दोनला पोचलो तर वेळापत्रक बरोबर आहे. भोजबासा म्हणजे भोजपत्राच्या झाडांचा मुक्काम. आता नावापुरती झाडं उरली आहेत. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी इथे भोजवृक्षांची पुन्हा लागवड करण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. एक सुकी काडीसुद्धा शेकोटीला उचलू नये.

दुसऱ्या दिवशी गोमुख चार किलोमीटर. सहाला निघून आठपर्यंत, साडेदहा-अकराला परत. गोमुखाच्या बर्फाच्या भिंतीला हात लावायचा मोह आवरावा. ती भिंत जिवंत आहे. ऊन लागलं की तिच्यातून खोलीएवढे तुकडे सुटतात, वर अडकलेले दगड घरंगळतात, आणि पाण्यात पडलेल्या तुकड्याने काठावर लाट येते. किमान दोनशे मीटर लांबून पाहायचं. हिमनदी दरवर्षी मागे सरकते आहे, त्यामुळे जुन्या माहितीतली अंतरं, वाटा, उभं राहायच्या जागा सगळंच बदललेलं असतं. तपोवनाची जुनी वाट याच हिमनदीच्या अंगावरून जायची. ती फुटल्यामुळे आता भोजबाशाला पाळण्याने, म्हणजे दोरावरच्या हाताने ओढायच्या ट्रॉलीने, भागीरथी ओलांडून डाव्या तीराने जातात. पहिल्या खेपेला तपोवन आखणीत घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

परतीत भोजबाशाहून पुन्हा सहाला. गिला पहाड गोठलेला असताना, साडेसातच्या सुमारास, मागे पडतो आणि नऊपर्यंत चीडबासा.

नाला ओलांडण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पूल जागेवर असेलच असं नाही. अगोदर आवाज ऐकायचा. पाण्याच्या खळखळाटाखाली ढोल वाजल्यासारखा घुमणारा आवाज येत असेल तर तळाशी मोठे दगड गडगडत आहेत. तिथे पाय घालायचा प्रश्नच नाही. मग जागा शोधायची. आपली सवय अरुंद जागी उडी मारण्याची, पण अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असतं. नाला जिथे पसरून दोन-तीन फाट्यांत वाहतो तिथे प्रत्येक फाटा उथळ मिळतो. खाली धबधबा, मोठे धोंडे किंवा मुख्य नदी नसावी, म्हणजे पाय सुटला तरी बाहेर यायला जागा राहते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे ‘गुडघ्याएवढंच तर आहे’ हा हिशोब अपुरा. काठी पाण्यात धरून पाहावी, हातातून ओढली जात असेल तर थांबायचं. पाणी गढूळ, राखाडी असल्याने तळ दिसत नाही, खोली काठीनेच कळते.

बूट काढायचे नाहीत. मोजे काढून कोरडे ठेवायचे आणि बूट किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल घालूनच उतरायचं. अनवाणी पाय दोन मिनिटांत बधिर होतात आणि मग दगडाची धार कळत नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, पडलो तर सॅक क्षणात टाकता आली पाहिजे. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी समोर टेकलेली, आडवं आडवं सरकायचं. एका वेळी दोन पाय आणि काठी यांतला एकच आधार उचलायचा. तिघं-चौघं असतील तर एकमेकांचे खांदे धरून एका रांगेत, सर्वांत भक्कम माणूस वरच्या बाजूला. कमरेला दोर बांधून उतरू नये, पडलेल्या माणसाला ताणलेला दोर पाण्याखाली दाबून धरतो.

सकाळच्या कमी पाण्यातही एक अडचण आहे. थंडीच्या दिवसांत पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडांवर रात्री उडालेले थेंब गोठतात आणि काचेसारखा पातळ थर बसतो. दिसत नाही, पण पाऊल टाकलं की माणूस आडवा. तेव्हा दगडांवरून उड्या मारण्यापेक्षा सरळ पाण्यात पाय घालून तळावरून चालणं बरं. याचा सराव नाशिकमध्ये हिवाळ्यात एखाद्या संथ, गुडघ्याखालच्या ओढ्यात करता येतो. पट्टे सोडणं, काठी टेकणं, खांदे धरणं एवढं अंगवळणी पडलं तरी पुरे. त्याआधी वरच्या धरणातून आवर्तन सुटलेलं नाही ना, हे विचारून घ्यावं. पावसाळी पाण्यात हा सराव कुणीही करू नये.

आपला दुतोंड्या मारुती तिथे नसतो, तो आपण नेमायचा. मुक्कामाला पोचल्यावर काठावरचा एक ठळक धोंडा निवडायचा, पाणी कुठे टेकलंय ते पाहून वेळेसह वहीत लिहायचं. दुपारी तीन, संध्याकाळी सहा, सकाळी सहा. दोन दिवसांत त्या नदीचं त्या आठवड्यातलं घड्याळ हाती येतं, आणि चढाव-उतार नेहमीपेक्षा वेगळा झाला की लगेच लक्षात येतो. दुपारी पाणी चढायला हवं तेव्हा ते अचानक कमी झालं, तर आनंदाची गोष्ट नाही. वर दरड किंवा बर्फ पडून प्रवाह अडला असण्याची शक्यता असते, आणि अडलेलं पाणी फुटून येतं. पाण्याचा रंग एकाएकी गडद झाला, ओल्या मातीचा वास आला, तुटलेल्या फांद्या वाहून येऊ लागल्या, जमिनीत थरथर जाणवली, तर सामान सोडून नदीपासून काटकोनात वर चढायचं. काठाने खाली पळायचं नाही.

यासाठी पाऊस लागतोच असं नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत ऋषिगंगेला पूर आला तो भर हिवाळ्यात, वर डोंगराचा कडा बर्फासह कोसळल्यामुळे. त्यात दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्या बातम्यांतलं तपोवन चमोलीतलं, गोमुखच्या वरचं वेगळं आणि आपलं पंचवटीजवळचं आणखी वेगळं. नकाशात शोधताना हा घोळ होतो. आणि ५ ऑगस्ट २०२५ ला हर्सिलजवळच्या धरालीत खीरगंगेतून आलेल्या गाळ-दगडांच्या लोंढ्याने बाजारपेठ गाडली, ती याच रस्त्यावर. धराली वसली होती ती नाला मुख्य नदीला मिळतो तिथल्या पंख्यासारख्या पसरलेल्या सपाट जागेवर. डोंगरात सपाट जागा दुर्मीळ, म्हणून माणूस तिथे घर बांधतो, तंबू टाकतो. पण ती जागा नाल्यानेच पूर्वी आणून टाकलेल्या दगड-मातीची असते. मुक्कामाची जागा पाहताना आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो, ही सपाटी कुणी तयार केली? उत्तर ‘नाल्याने’ असेल तर तिथे थांबत नाही.

पिण्याच्या पाण्याचं वेगळं गणित आहे. हिमनदी खडक घासून पीठ करते आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं, म्हणून पाणी ताकासारखं राखाडी. हे पाणी फिल्टरमध्ये घातलं तर तो काही लिटरांतच तुंबतो. अतिनील किरणांनी जंतू मारणारी पेन गढूळ पाण्यात निकामी. आपला घरचा उपाय इथे कामाला येतो : तुरटी. पाच लिटरच्या भांड्यात खडा आठ-दहा वेळा फिरवायचा, झाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं निवळ हळूच काढायचं. थंड पाण्यात तुरटीचं काम सावकाश चालतं, तासाभरात निवळेल अशी अपेक्षा धरू नये. भांडं खोलीत किंवा तंबूत ठेवावं, नाहीतर गोठतं. निवळलेलं पाणी मग उकळायचं. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी खळखळून तीन मिनिटं उकळलं की पिण्यास सुरक्षित होतं. डाळ-तांदूळ मात्र त्या तापमानाला शिजता शिजत नाहीत, कुकर लागतो. क्लोरीनच्या गोळ्या वापरल्या तर थंड पाण्यात दुप्पट वेळ द्यावा. पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा गोठला की आतून फुटतो आणि बाहेरून काही कळत नाही, त्यामुळे तो रात्री झोपण्याच्या पिशवीत सोबत घ्यायचा. मोबाईल आणि पॉवर बँकही तिथेच, थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात. डोंगरातून झिरपणारं स्वच्छ झऱ्याचं पाणी दिसलं तर नदीचं घेऊ नये. दिवसाला तीन-चार लिटर पोटात गेलं पाहिजे.

खाण्यात जिभेच्या ओळखीचं न्यावं. उंचीवर भूक मरते आणि नवीन, विकतचे प्रकार घशाखाली उतरत नाहीत. माणशी रोज ६०० ग्रॅम सुकं खाणं धरतो : गूळ-शेंगदाण्याचे लाडू, पिंपळगावकडचे बेदाणे, खाकरे, मेतकूट, पहिल्या दोन दिवसांना दशम्या. तेलकट चिवडा वर नकोसा होतो, थोडाच घ्यावा. स्टोव्हचे गॅस सिलिंडर रेल्वेत आणि विमानात नेता येत नाहीत, ते डेहराडून किंवा उत्तरकाशीत मिळवावेत. रोख रक्कमही उत्तरकाशीतच काढून घ्यावी. उपग्रहावर चालणारे फोन आणि संदेशयंत्रं परवान्याशिवाय भारतात बेकायदा आहेत. परदेशातल्या नातेवाइकाने दिलं म्हणून सॅकमध्ये टाकू नये.

कपड्यांचं फार अवघड नाही. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवायची, कारण भिजलेलं सूत अंगाची ऊब ओढून घेतं. आत घाम सोडणारं, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा-पाऊस अडवणारं. कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी.

शेवटचा कागद नाशिकमध्ये घरी ठेवायचा. त्यावर तारखेनुसार मुक्काम, सोबतच्यांची नावं आणि रक्तगट, परवान्याची प्रत, आणि एक ठरलेली वेळ : गंगोत्रीला परत येऊन फोन कधी येईल, आणि किती उशीर झाला तर काळजी करायची. आम्ही २४ तास धरतो, कारण दुपारी नाला चढलेला सापडला तर अलीकडेच रात्र काढून पहाटे ओलांडायचं, हे आधीपासून ठरलेलं असतं. घरच्यांना हे समजावून सांगावं लागतं, नाहीतर पहिल्या रात्रीच धावपळ सुरू होते. चोवीस तास उलटले तर त्यांनी उत्तरकाशी जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन करायचा. तो नंबर निघण्याआधी एकदा स्वतः लावून, चालू असल्याची खात्री करून, त्या कागदावर लिहायचा. ११२ नाशिकमधून लावला तर तो महाराष्ट्राच्या कक्षाला लागतो.